चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर

मुंबईच्या आझाद मैदानावर एका वेळी इतके सामने चालू असतात की एकाचा फाइन लेग दुसऱ्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. चेंडू कुणाचा, हे आरडाओरडा करूनच ठरतं. ही गर्दी चुकवत दक्षिण टोकाला गेलं की बॉम्बे जिमखान्याचं उतरत्या छपरांचं पॅव्हेलियन दिसतं. भारतातली पहिली कसोटी १९३३ साली इथे झाली, हे क्रिकेटवेड्यांना पाठ असतं. मी आलो होतो तो त्याच्या २७ वर्षं आधीच्या सामन्यासाठी.

फेब्रुवारी १९०६. हिंदू संघ २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. साहेब १०९ धावांनी हरले, आणि त्यांचे आठ गडी टिपले डावखुऱ्या फिरकीच्या बाळू पालवणकरांनी. बाळू चर्मकार समाजातले. विजयाचा गाजावाजा झालाच. पण सुधारकांना त्याहून मोठं वाटलं ते हे, की मुंबईचे हिंदू खेळाडू बाळूंच्या पंगतीला बसत होते.

त्याचं अप्रूप का, ते पुण्यात कळतं. प्लेग पसरला तेव्हा बाळू पुणं सोडून मुंबईला आले. मी उलट्या दिशेने घाट चढून पुणे स्टेशनवर उतरलो आणि बंड गार्डन रस्त्याने पूना क्लबाकडे निघालो. रिक्षांचा गोंगाट सोडला तर परिसर अजून कँपाचाच वाटतो. आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडणारा हा पोरगा १८९२च्या सुमारास इथे चार रुपयांवर लागला. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट बांधायचं, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. त्यांतले कॅप्टन ग्रेग तासभर आधीच येत. बाद केलं की आठ आणे देत, असं सांगतात. सोळा वेळा बाद केलं की दोन महिन्यांचा पगार सुटला! बॅट मात्र बाळूंच्या हाती कुणी दिली नाही. घाम गाळायचा नोकराने, फटके मारायचे साहेबाने.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचं होतं, म्हणून या गोलंदाजाची गरज पडली. त्याला घ्यावं की नाही, यावर वाद झाला. तेलुगू सभासद बाजूने, ब्राह्मणांतले काही विरोधात. शेवटी घेतलं. पण चहाच्या सुट्टीत सगळे आत, आणि बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. तोंड धुवायला पाणी कोपऱ्यात, तेही अस्पृश्य गड्याच्याच हातून. त्यांनी टाकलेला चेंडू झेलताना कुणाला विटाळ होत नसे. ज्याच्यासोबत खेळता, त्याच्यासोबत जेवायला काय हरकत, असं न्यायमूर्ती रानड्यांनी सुनावलं, तेव्हा कुठे थोडी चुळबूळ झाली.

१९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. संघ बहुतेक सामने हरला, हा माणूस एकटा भांडत होता. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम हे भाऊ याच्या निषेधार्थ संघाबाहेर राहिले, तेव्हा बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाले.

क्लबाकडून तोच रस्ता धरून पूल ओलांडला की येरवडा. रिक्षावाल्याला 'जेलपाशी' म्हटलं, तर त्याने आरशातून नीट निरखून घेतलं. या तुरुंगात गांधीजींचं उपोषण चालू असताना २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, आणि सह्या करणाऱ्यांत बाळूही होते. चार रुपयांच्या नोकरीपासून या सहीपर्यंत चाळीस वर्षं. रिक्षाने मात्र काही मिनिटंच.

पाच वर्षांनी काँग्रेसने त्यांना मुंबईत निवडणुकीला थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. त्यात मला बाळूंच्या इच्छेपेक्षा पक्षाचा डावच जास्त दिसतो. आंबेडकरांना मतं पडली १३,२४५. बाळूंना ११,२२५.