‘टेक’ आणि ‘घेणे’ : एका साध्या क्रियापदाविषयी

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पदवीच्या वर्गात इंग्रजी उतारा वाचताना जेथे अडखळतो, ते स्थळ बहुधा अवघड शब्दाचे नसते. ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’, ‘रिझेंबल’ हे शब्द त्याला पाठ असतात. तो थांबतो तो ‘पुट अप विथ’, ‘पुट ऑफ’, ‘टेक आफ्टर’ यांच्यापाशी. यांतील प्रत्येक सुटा शब्द त्याने इंग्रजीच्या पहिल्याच पुस्तकात शिकलेला असतो, आणि तरीही वाक्य त्याला उमगत नाही. इंग्रजी घरातील मुलाचा क्रम याच्या नेमका उलट असतो. ते ‘पुट ऑन’ आणि ‘टेक ऑफ’ अंगात सदरा घालता-काढताना शिकते. ‘टॉलरेट’ त्याला पुढे शाळेत भेटतो. महाराष्ट्रात इंग्रजी आली ती कायदा, क्रमिक पुस्तक आणि वृत्तपत्र यांच्या वाटेने. स्वयंपाकघराच्या वाटेने आली नाही. त्यामुळे तिची समारंभाची भांडी हाती लागली, नित्य वापरातली तिकडेच राहिली. मुलाखतीत अशा विद्यार्थ्याचे इंग्रजी ‘पुस्तकी’ ठरते, तेव्हा त्याच्या बुद्धीचा नव्हे, तर या वाटेचा निवाडा होत असतो.

या लहान क्रियापदांचा धाक कोशकारांनाही वाटत आला आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘टेक’ अशा क्रियापदांची यादी देऊन त्यांचा अर्थ किती सैल आणि पसरट असतो याविषयी तक्रार केली आहे. क्रियापदाला जोडून येणाऱ्या अव्ययामुळे परकीयांना सर्वाधिक अडचण पडते, हेही त्याने तेथेच नोंदवले आहे. एकट्या ‘टेक’चे त्याने १३४ अर्थ दिले. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढील आवृत्तीच्या कामात तो मान ‘रन’कडे गेला, आणि २०११ साली त्याच्या क्रियापदरूपाच्या ६४५ अर्थांचा आकडा प्रसिद्ध झाला. विद्वत्तेच्या शब्दांपैकी एकालाही एवढी जागा लागत नाही.

सी. के. ऑग्डेनने १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ ही ८५० शब्दांची योजना मांडली, तेव्हा त्याचा विश्वास याच क्रियापदांवर होता. त्याने केवळ अठरा क्रियापदे ठेवली. ‘एंटर’ कशाला, ‘गो इन’ आहे; ‘टॉलरेट’ कशाला, ‘पुट अप विथ’ आहे. चर्चिलने १९४३ साली हार्वर्ड विद्यापीठातील भाषणात या योजनेचा पुरस्कारही केला. परंतु शब्द कमी केले म्हणजे अर्थ कमी होत नाहीत. ते उरलेल्या शब्दांच्या पोटात शिरतात. ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ यांची बेरीज ‘सहन करणे’ अशी होते, हे परक्या विद्यार्थ्याने कोणत्या नियमाने ओळखावे? ऑग्डेनची योजना ज्याला सोपी वाटावी, त्याला बहुधा आधीच इंग्रजी येत असते.

‘टेक’ हा शब्द मूळचा इंग्रजीचाही नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ या अर्थी ‘निमन’ हे क्रियापद होते. जर्मनमधील ‘नेमेन’ त्याचेच भावंड. उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये नवव्या शतकापासून वसत गेलेल्या नॉर्स भाषकांकडून ‘टाका’ आले आणि पुढील काही शतकांत त्याने ‘निमन’ला घराबाहेर काढले. ‘निमन’चे अवशेष ‘नंब’ या विशेषणात उरले आहेत : बधिर, म्हणजे मुळात ‘घेतला गेलेला’. ‘गेट’ नॉर्सचेच, ‘गिव्ह’च्या आरंभीचा कठोर ‘ग’ही नॉर्सच्या प्रभावाचा मानला जातो. घेणे, मिळणे आणि देणे अशा संसाराच्या मूळ क्रियांचे शब्द एखादी भाषा शेजाऱ्याकडून उचलते, ही गोष्ट भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनी मनन करण्याजोगी आहे.

एवढ्या अर्थांत हे क्रियापद वावरते तेव्हा ते नुसते ‘घेत’ नाही, तर कर्ता कोण हेही ठरवते. घटना इंग्रजीत जागा ‘घेते’, फ्रेंचमध्ये जागा ‘बाळगते’, जर्मनमध्ये जागा ‘सापडवते’; मराठीत ती नुसती घडते, तिला जागा लागत नाही. इंग्रज अपमान ‘घेतो’, म्हणून न घेण्याचा उपदेशही त्याला करता येतो. मराठी माणसाला राग ‘येतो’. आलेल्या पाहुण्याला काय म्हणणार? इंग्रजीत छायाचित्र ‘घेतात’, मराठीत ते चित्रासारखे ‘काढतात’. इंग्रज फेरफटका ‘घेतो’ आणि मराठी माणूस ‘मारतो’, यावरून मात्र कोणी दोन समाजांचे स्वभाव सिद्ध करू नयेत.

सर्वांत बोलके उदाहरण परीक्षेचे. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी, आणि ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक. मराठीत परीक्षा शिक्षक घेतो, विद्यार्थी देतो. हिंदी, गुजराती आणि बंगालीतही विद्यार्थी परीक्षा देतोच. म्हणून ‘आय गेव्ह माय एक्झाम’ हे वाक्य देशभरच्या उत्तरपत्रिकांत आढळते आणि त्याखाली लाल रेघ ओढली जाते. रेघ ओढण्यास हरकत नाही. परंतु ती अज्ञानाखाली नव्हे, दुसऱ्या दृष्टीखाली ओढली जात आहे याचे भान असावे. इंग्रजीच्या नजरेत परीक्षा ही समोर ठेवलेली वस्तू आहे; मराठीच्या नजरेत विद्यार्थी आपल्याजवळचे काही परीक्षकाच्या हवाली करतो. ज्याने कधी परीक्षा दिली आहे, त्याला दुसरी कल्पना अधिक खरी वाटल्यास नवल नाही. ‘परीक्षेला बसणे’ हा प्रयोग मात्र ब्रिटिश इंग्रजीतील ‘सिट’च्या सावलीत आलेला असावा. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्यानंतर महाराष्ट्रात बसण्यासारख्या परीक्षा पुष्कळ झाल्या.

अशा सावल्या शोधण्याचा छंद मराठीच्या प्राध्यापकांत पसरलेला आहे, आणि त्यात घाई फार होते. निर्णय घेणे, विश्रांती घेणे, परिश्रम घेणे ही सर्व इंग्रजीची उसनवारी म्हणून खोडणाऱ्याने आधी श्वास कोणाकडून घेतला जातो ते सांगावे. दोन भाषांतील ‘घेणे’ काही ठिकाणी आपापल्या वाटेने चालत एकाच चौकात पोचले असेल. प्रत्येक प्रयोगाचा जुन्या गद्यात वेगळा शोध घ्यावा लागेल. आणि तो कंटाळवाणा आहे, म्हणूनच सहसा होत नाही.

अडचण अर्थात एकाच बाजूची नाही. इंग्रजीत काम वेळ ‘घेते’, मराठीत कामाला वेळ ‘लागतो’. या ‘लागणे’पाशी मराठी शिकणाऱ्या परकीयाची तीच गत होते. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, डोळा लागतो, निकाल लागतो, मूल रडू लागते. ‘घेणे’ आणि ‘देणे’ दुसऱ्या क्रियापदाला चिकटले की आणखीच सूक्ष्म काम करतात : ‘लिहून घेणे’ आणि ‘लिहून देणे’ यांत लेखणी तीच, लाभ कोणाचा एवढेच बदलते.

अलीकडे दूरध्वनीवरील संभाषण ‘काळजी घे’ या शब्दांनी संपते. निरोपाची ही रीत ‘टेक केअर’वरून आली, याबद्दल फारसा वाद नसावा, पूर्वी ‘जपून जा’, ‘सांभाळून राहा’, ‘पोचल्याचे कळव’ असे म्हटले जाई. परंतु शब्द आले ते मराठीच्या घरात येऊन बसले. इंग्रजीत ‘वरी’ आणि ‘केअर’ हे दोन शब्द आहेत. मराठीत काळजी एकच आहे, आणि ती केली की जीव पोखरते, घेतली की जीव सांभाळते. परगावी निघालेल्या मुलाला आई सांगते, ‘माझी काळजी करू नकोस, स्वतःची काळजी घे.’ या वाक्याचे इंग्रजी भाषांतर करण्यास पदव्युत्तर वर्गाला अवश्य सांगावे, आणि ‘काळजी’ हा शब्द दोन्ही ठिकाणी एकच ठेवण्याची अट घालावी.