तीनशे तीसपैकी शून्य

फिलिपिन्समधल्या मोआलबोआलच्या किनाऱ्यावरून आमची बांका, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे उलांडे असलेली होडी, निघाली तेव्हा तिच्यात एक बाई पाटी-पेन्सिल घेऊन बसली होती. पाण्याखाली लिहिता येतं अशी पाटी. ती ग्रीन फिन्सची मूल्यमापक होती.

संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि रीफ-वर्ल्ड फाउंडेशन यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत डायव्हिंगच्या दुकानांचे गुण उलटे मोजतात. कमाल ३३०, आणि जितके कमी तितकं चांगलं. प्रवाळावर नांगर टाकला, माशांना खाऊ घातलं, पर्यटकांना हातमोजे दिले की गुण चढतात. प्रमाणपत्रासाठी दरवर्षी पुन्हा तपासणी. मोजणी पाण्याबाहेरच सुरू होते. ‘कशालाही हात लावायचा नाही’ हे गाइडनं नीट सांगितलं का, तेही ती टिपत होती. आमच्या होडीनं नांगर टाकला नाही. दोर बोयाला बांधला.

खाली लाखो सार्डिन. आपल्या पेडव्यांचे हे भाऊबंद अंगावरून वळले की पाणी काळोखतं. फोटोच्या नादात मी आधारासाठी एका गोल दगडाकडे हात नेला.

हवेच्या टाकीवर टकटक झाली. गाइडनं माझं मनगट धरून मला वर उचललं. तो दगड नव्हता, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणारं जिवंत प्रवाळ होतं. पंधरा वर्षं पाण्यात उतरणाऱ्या मला क्षणभर रागच आला. मग लाज वाटली.

वर आल्यावर गाइड म्हणाला, पूर्वी तो पाहुण्यांना टोकत नसे. बक्षिसी त्यांच्याच हातून मिळते ना! आता न टोकण्याचे गुण दुकानाच्या नावावर चढतात, म्हणून मालकच त्याच्या पाठीशी उभा राहतो. मला या प्रमाणपत्राची खरी किंमत इथेच दिसली. पगारी माणसाला त्यानं गिऱ्हाइकाला अडवायचं बळ दिलं होतं.

मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. परतल्यावर तिथे स्नॉर्केलिंगला गेले, तर होडीतल्या पोरानं पावाची लादी काढली. नको म्हटलं.

“ताई, पाव नाय टाकलो तर मासे येवचे नाय. मगे पावणे कुरकुरतत.”

पाव पिशवीतच ठेवायला लावला. ट्यूबला धरून आम्ही तशाच तरंगत राहिलो. बऱ्याच वेळानं काळ्या पट्ट्यांचे पिवळे मासे खडकाआडून आले, आमच्याकडे न बघता शेवाळ खात राहिले.