मनोरा आणि परात

एडिसनला कुणी पाहुणे आले की आमचा कार्यक्रम ठरलेला. आधी ओक ट्री रोडवर भाजी नि चाट, मग मेन्लो पार्कचा मनोरा. थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती त्या जागी १९३८ साली लोकार्पण झालेला हा साधारण १३० फुटांचा मनोरा, वर काचेचा अवाढव्य दिवा. १९५४ साली गावानंही त्याचंच नाव घेतलं. मान वर करून पाहता पाहता लेकीनं विचारलं, "मोठा माणूस म्हणजे ज्याचा टॉवर बांधतात तो का?" आम्ही "हो" म्हणून मोकळे झालो.

पुढे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी शेजाऱ्यांबरोबर त्यांच्या चर्चमध्ये जायचा योग आला. पाद्रीबाबांनी कमरेला टॉवेल गुंडाळला, गुडघे टेकले आणि बारा जणांचे पाय धुतले. त्यांत चर्चचा झाडूवालाही होता. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पाय धुणं आपल्याला काही नवं नाही. पण आपण परात मांडतो ती मानाच्या माणसापुढे. लग्नात जावयापुढे, पूजेला गुरुजींपुढे. इथे मानाचा माणूसच खाली बसलेला! लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी तेवढे आठवले.

आणि आठवल्या पंडिता रमाबाई. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला, म्हणजे आपल्यापासून तास-दीड तासावर, आल्या होत्या. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या. याच बाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून निराधार मुली केडगावला आणल्या. हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत केलं, तेही मुद्दाम बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. ते छापलंही मुक्तीतल्या बायकांनीच. एवढी विद्वत्ता, पण ती मिरवली नाही, कामाला लावली.

मंडळाच्या गेल्या नाटकाला पहिल्या रांगेवरून आम्हीच वाद घातला होता. शेवटी खुर्च्या उचलायला चौघंच उरले, तेव्हा आम्ही पार्किंग लॉटमध्ये गप्पा मारत होतो. लेकीनं ते पाहिलं होतं.

परवा तिला म्हटलं, "मनोऱ्यापाशी आम्ही उत्तर चुकीचं दिलं गं."

"मग गणपतीला खुर्च्या उचलायला थांबायचं?"

आता थांबायलाच हवं.