ताणाची वेळ

सायंकाळी मल्लखांबाला एरंडेल चोळून होईपर्यंत मुलांनी भिंतीपाशी पाय पसरून, कपाळ गुडघ्यांना टेकवून निश्चल बसावे, असा आमच्या व्यायामशाळेचा जुना दस्तूर होता; आणि शिकवण्याचे काम माझ्याकडे आल्यावर, जे अंग अधिक वाकते तेच अधिक सिद्ध, या समजुतीने मी तो अधिकच कडक केला.

ही समजूत हलवली ती अढीने. हातांनी खांब धरून देह उलटा वर न्यायचा आणि मांड्यांच्या मिठीत तेलकट लाकूड आवळायचे, ही या विद्येची पहिली कसोटी. ज्या दिवशी मी मांड्यांच्या आतील बाजूचा ताण तीन-तीन मिनिटे धरायला लावी, नेमक्या त्याच दिवशी एरवी खांबाला बिलगणारी मुले घसरत. दोष मी तेलाला दिला, पावसाळी हवेला दिला, आणि एकदा तर एका गुणी मुलाला आळशी ठरवून सर्वांसमक्ष ताकीद दिली. त्याचे शल्य अद्याप गेलेले नाही.

पुढे शरीरशास्त्राचे वाचन घडले. स्नायू ताणून स्थिर धरला की त्याचा प्रतिकार हळूहळू ओसरतो, आणि ताण सोडल्यावर थोड्याच वेळात तो मूळपदावर येतो. कोपनहेगनच्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले, की तीन आठवडे नित्य ताण दिल्यावर पाय अधिक वर जातो खरा, परंतु पूर्वीच्याच कोनात स्नायूचा ताठरपणा होता तसाच राहतो; वाढते ती ताण सोसण्याची तयारी. ज्याला मी स्नायूची लांबी समजत होतो, ती पुष्कळ अंशी मज्जासंस्थेने दिलेली मुभा होती!

बळाचा हिशेब त्याहून सूक्ष्म आहे. एक मिनिटाच्या आतला ताण बळाला फारसा धक्का लावत नाही. त्याहून दीर्घ ताणानंतर मात्र कमाल बळ सरासरी पाचेक टक्क्यांनी उतरते. कॅनडातील, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोटरी सुमारे अर्धा तास ताणली, तेव्हा बळ २८ टक्क्यांनी घटले आणि तासाभरानंतरही ९ टक्क्यांची तूट शिल्लक होती. आरंभी या तुटीत मज्जातंतूंच्या मंदावलेल्या आज्ञेचा वाटा असतो. ती आज्ञा लवकर पूर्ववत होते, स्नायूची स्वतःची आकुंचनशक्ती मात्र सावकाश परतते. पाच टक्के कागदावर क्षुल्लक वाटतात. उलट्या देहाचा भार मांड्यांवर तोलणाऱ्या मुलाला ते क्षुल्लक नसतात. पेशवाईच्या उत्तरकाळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला उजाळा दिला, तिचे कुस्तीशी असलेले नातेच मुळी पकडीचे. तिथे पकड सैल करून खांबावर चढवणे हा उलटा न्याय झाला.

तरीही ताणाला हद्दपार करावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. आसनांना लागणारी लवचीकता त्यावाचून येत नाही, आणि ताणानंतर बैठका व उड्या नीट झाल्या तर ती तूट बव्हंशी भरूनही निघते. मी केवळ क्रम बदलला: आधी धावणे, सूर्यनमस्कार, बैठका आणि हवाच तर वीसेक सेकंदांचा ताण, दीर्घ ताण मात्र सराव संपल्यावर, अंगावरचे तेल पुसता पुसता, दिवेलागणीच्या शांततेत.

हा क्रम सुरू केला त्या सायंकाळी त्या मुलाला मी पुढे बोलावले, आणि तो घसरत होता तो आळसाने नव्हे, माझ्या हुकमाने, हे सर्वांसमक्षच सांगितले. तो काही बोलला नाही. हाताला तेल लावून खांबाकडे गेला.