तिकिटावरची नोंद

माझ्या टेबलाच्या खणात रेल्वेचे एक जुने तिकीट आहे. ते मुंबई ते नागपूर असे आहे. त्याच्यावर निळ्या शाईने अकोला स्थानकाची सांकेतिक अक्षरे, तारीख आणि एक सही आहे. प्रवास कधीच संपला, तरी ते तिकीट मी फेकले नाही. त्याचे कारण सांगायचे, तर आधी माझी एक फजिती सांगायला हवी.

2017 साली मला नागपूरला नोकरीच्या मुलाखतीसाठी बोलावणे आले. माझे अब्बा शिवणकाम करतात. त्यांनी गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेऊन माझ्या हातात ठेवले. मी साध्या डब्याचे तिकीट काढले. वाटेत भुसावळला माझा एक मित्र राहत होता. लांबच्या तिकिटावर मध्ये उतरता येते, असे मी कुणाकडून तरी ऐकले होते. मुंबईच्या स्थानकावर चौकशीची खिडकी समोरच होती. पण मी तिथे गेलो नाही.

का गेलो नाही? खरे सांगतो, मला मराठी बोलण्याची भीती वाटत होती. माझे सारे शिक्षण उर्दूतून झाले होते. मराठी वाचता येत होती, पण चारचौघांत बोलताना 'तो' की 'ती' की 'ते' असा गोंधळ व्हायचा. मागे रांगेत उभे असलेले लोक हसतील, असे वाटायचे. म्हणून मी गप्प राहिलो आणि गाडीत बसलो.

भुसावळला उतरलो. मित्राकडे रात्र काढली. दुसऱ्या दिवशी तेच तिकीट खिशात घालून पुढच्या गाडीत चढलो. थोड्या वेळाने तिकीट तपासनीस आले. त्यांनी तिकीट उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "हे तर कालचे आहे. मध्ये कुठे उतरला होतास?"

मी भुसावळचे नाव सांगितले. ते शेजारी बसले आणि शांतपणे म्हणाले, "अरे, प्रवासात मध्येच उतरायची मुभा आहे, पण तिकीट 500 किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचे असावे लागते आणि पहिले 500 किलोमीटर पुरे झाल्यावरच उतरता येते. मुंबईहून भुसावळ सुमारे 445 किलोमीटर आहे. तू तिथे उतरलास, तिथेच तुझे तिकीट संपले. आता तू विनातिकीट आहेस."

मला भुसावळपासूनचे भाडे आणि वर 250 रुपये दंड भरावा लागला. पावती देताना ते म्हणाले, "चौकशीच्या खिडकीवर विचारायला पैसे पडत नाहीत, बाळा. न विचारण्याचे मात्र पडतात."

नागपूरला राहण्यापुरते पैसे उरले नव्हते. ती रात्र मी फलाटावरच्या बाकावर काढली. सकाळी मुलाखतीत माझे डोळे मिटत होते. ती नोकरी मला मिळाली नाही. सारा दोष त्या तिकिटाचा होता असे मी म्हणणार नाही. पण घरी अब्बांना दंडाची पावती दाखवताना मला मान वर करता आली नाही. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि पुन्हा यंत्रावर बसले.

पुढच्या वर्षी डिसेंबरात नागपूरला मामेबहिणीचे लग्न ठरले. अम्मी म्हणाली, "वाटेत अकोला लागते. तुझी खाला अंथरुणाला खिळली आहे. नऊ वर्षे झाली, मी तिला पाहिले नाही."

या वेळी मी आरक्षणाच्या खिडकीवर गेलो. आदल्या रात्री काय बोलायचे ते कागदावर लिहून काढले होते. खिडकीवर एक प्रौढ बाई होत्या. मी म्हणालो, "मॅडम, नागपूरचे दोन तिकीट पाहिजे. पण मध्ये अकोल्याला उतरायची आहे." माझी वाक्ये चुकली. पण कोणीही हसले नाही.

त्या म्हणाल्या, "चालेल. मुंबई ते नागपूर 837 किलोमीटर, आणि अकोला सुमारे 580 वर आहे. हजार किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एकदा उतरता येते, त्याहून लांबच्या तिकिटावर दोनदा. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना मात्र ही सवलत नाही. अकोल्याहून पुढची जागा कधीची हवी?"

मी बोटांवर मोजले. दोन दिवस राहता येते, एवढे मला ठाऊक होते. शुक्रवारी पोहोचणार, म्हणून मी म्हणालो, "रविवारची."

"सोमवारची घ्या," त्या म्हणाल्या. "पोहोचल्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस मुदतीत धरत नाहीत. शनिवार, रविवार हे तुमचे दोन दिवस. आणि अकोल्याला उतरलात की स्थानकावर तिकिटावर नोंद करून घ्या. विसरू नका."

दोन वेगळी तिकिटे काढण्यापेक्षा हे एक तिकीट स्वस्तही पडले. अंतर वाढते तसा दर किलोमीटरचा दर कमी होत जातो, हे मला तेव्हा कळले.

त्या दिवसापासून मला विचारायची सवयच लागली. फलाटाचे तिकीट दोन तासच चालते. दोनशे किलोमीटरच्या आतले साधे तिकीट काढले, तर तीन तासांत किंवा तिकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीने निघावे लागते. दोनशे किलोमीटर किंवा त्याहून लांबचे साधे तिकीट तीन दिवस आधी काढून ठेवता येते. हे सारे मी विचारून विचारून शिकलो. आणि गंमत पाहा, मुदत, सवलत, मुभा हे शब्द मराठीत ऐकताना मला परके वाटलेच नाहीत. ते तर आपल्या घरातलेच होते!

अकोल्याला उतरल्यावर मी आधी तिकिटावर नोंद करून घेतली, मग रिक्षा केली. खाला खूप वाळली होती. शनिवारी ती फारशी बोलली नाही. नुसती अम्मीचा हात धरून पडून राहिली. रविवारी सकाळी मात्र तिला हुशारी वाटली. उशीला टेकून ती उठून बसली. दोघी बहिणी दिवसभर लहानपणीच्या गोष्टी सांगत होत्या, हसत होत्या. अम्मीने तिचे केस विंचरले, वेणी घातली. मी दाराशी बसून ते पाहत होतो. मनात आले, मी रविवारची जागा घेतली असती, तर या वेळी आम्ही गाडीत असतो.

सोमवारी आम्ही निघालो. लग्न छान झाले. पुढच्या पावसाळ्यात खाला गेली.

अम्मी अजूनही त्या रविवारची आठवण काढते. तो दिवस कुठून आला हे तिला मी सांगितले आहे, तरी ती दरवेळी पुन्हा विचारते, "त्या खिडकीवरच्या बाई काय म्हणाल्या होत्या रे?"

मी खणातून तिकीट काढतो आणि मराठीतच सांगतो, "सोमवारची घ्या."