कळंब्यावरचा कैकर

दुर्बीण डोळ्यांना लावली की मला नुसतं पाणी दिसायचं, काढली की पाखरं. जानेवारीतल्या सकाळी कळंबा तलावाच्या काठावर मामा नावं सांगत होते. वारकरी, टिबुकली, पाणकावळा. कुठलं नाव कुणाचं, काही केल्या लागेना. सगळीच काळपट, सगळीच हलणारी.

एकदम वारकरी दाटीनं एकत्र आले. वर एक मोठा पक्षी पंख मारत हवेत जागच्या जागी थांबला होता.

"घार का हो, मामा?"

"घार अशी थांबत्या व्हय? पोट बघ की पांढरं. कैकर हाय तो. हलू नगंस."

तेवढ्यात तो पडला. पंख मागे, पाय पुढे, थेट आमच्यासमोरच्या पाण्यात. वर आला तेव्हा पायांत मासा तडफडत होता. हवेतच अंग झाडून त्यानं पाणी उडवलं आणि आमच्या डोक्यावरून गेला, इतक्या खालून की डोळ्यातून मानेकडे गेलेली गडद पट्टी मला दुर्बिणीशिवाय दिसली. माशाचं तोंड त्यानं उडण्याच्या दिशेला धरलं होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दुर्बीण हातात तशीच राहिली.

मामा मग बराच वेळ बोलत होते. कैकर जवळजवळ फक्त मासेच खातो. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणून दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड बसते. तळव्यावरच्या खरखरीत काट्यांतून बुळबुळीत मासाही सुटत नाही. उन्हाळ्यात उत्तरेच्या थंड मुलखात वीण, हिवाळ्यात आपल्याकडे. येतात ते थोडेच, बहुधा एकेकटे.

मला सर्वांत लागलं ते अमेरिकेचं. तिथं डीडीटी हे कीटकनाशक पाण्यातून माशांत आणि माशांतून कैकरांत गेलं, अंड्यांची कवचं पातळ झाली, पिल्लं निपजेनात. 1972 मध्ये बंदी आली आणि पक्षी हळूहळू सावरले. म्हणजे तळ्यात आपण जे सोडतो, ते या पक्ष्यापर्यंत पोचतंच. कळंबा आणि रंकाळा ही आपली तळी स्वच्छ ठेवायला मला एवढं कारण पुरे आहे.

आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, आणि हिवाळी पाहुणे त्याच सुमारास येऊ लागतात. सकाळी लवकर तळ्यावर या. निर्माल्य, प्लास्टिक पाण्यात टाकू नका. कैकर दिसला तर फोटोसाठी त्याच्या मागे धावू नका. तारीख, वेळ आणि जागा तेवढी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा.