शेजारचे थडगे

माझ्या थोरल्या भावाचे नाव स्पेनमधल्या एका थडग्यावर लिहिलेले आहे. भाऊ चांगला खणखणीत आहे. त्याचा लेथ चालू आहे, आणि डॉक्टरांनी गोड बंद केल्यामुळे दर दिवाळीला करंज्यांच्या डब्यावरून वहिनीशी त्याची झटापटही चालू आहे. मग थडगे कशाला, असे वाचक विचारतील. आमच्या सौभाग्यवतींनीही तेच विचारले होते, पण जरा वरच्या पट्टीत.

गोष्ट १९९३ सालापासून सांगायला हवी. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. दादा नुकताच सांगलीला एका कारखान्यात लेथवर लागला होता. पहिला पगार हातात पडल्यावर त्याने आईला लुगडे घेतले, वडिलांना चपला घेतल्या आणि मला रविवारी सकाळी सायकलवर डबलसीट घालून इंग्रजी सिनेमाला नेले. सिनेमाचे नाव होते 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'. फिल्म जुनी होऊन इतकी झिजली होती की पडद्यावर पाऊस पडतो आहे असे वाटावे. आणि कथा तर सगळी रखरखीत उन्हातली!

इंग्रजी मला कळत नव्हते आणि दादालाही. मी हळूच विचारले, "दादा, काय म्हणाला तो?"

"सोनं शोधतायत रे तिघं. बाकीचं काय कळायचंय? तोंडं बघ त्यांची."

इतके उत्तम रसग्रहण मी पुढे कोठे वाचले नाही. कारण हा सिनेमा खरोखरच तोंडे बघण्याचा आहे. सुरुवातीची दहा मिनिटे तर त्यात कोणी अक्षर बोलत नाही. पुष्कळ वर्षांनी मला कळले की दिग्दर्शक सर्जिओ लिओने यालाही इंग्रजी येत नव्हते. तो रोमचा. नट ईलाय वॉलक अमेरिकन. त्या दोघांचा संवाद चाले तो फ्रेंचमध्ये. इटालियन नट इटालियन बोलत, स्पॅनिश नट स्पॅनिश बोलत, आणि सगळ्यांचे आवाज मागाहून भरले जात. म्हणजे सांगलीच्या त्या थिएटरात आम्ही दोघे भाऊ काही गमावत होतो, असे मुळीच नाही.

आणि ज्याला आम्ही अमेरिका समजत होतो तो मुलूख निघाला स्पेनचा. १८६२ सालच्या अमेरिकन यादवीतली ही कथा १९६६ साली स्पेनच्या डोंगरदऱ्यांत चित्रित झाली. त्यात एक पूल उडवण्याचा प्रसंग आहे. पूल स्पॅनिश लष्कराने बांधून दिला होता आणि सुरुंग उडवण्याचे कामही त्यांच्याच एका कॅप्टनकडे होते. इशारा समजण्यात काही घोटाळा झाला आणि कॅमेरे सुरू होण्यापूर्वीच पूल आकाशात गेला! मग तो पुन्हा बांधला आणि पुन्हा उडवला. वर्गात कोणा मुलाने घाईघाईने चुकीचे उत्तर दिले की मला त्या कॅप्टनची आठवण होते आणि छडीवरचा हात सैल पडतो. (छडी आता कायद्याने गेली, हे मला ठाऊक आहे, हात मात्र जुना आहे.)

मास्तर म्हणून मला भावणारी आणखी एक गोष्ट आहे. लिओने आणि संगीतकार एन्निओ मोरिकोने हे दोघे लहानपणी रोमच्या एकाच शाळेत एकाच वर्गात होते. त्यांचा त्या वेळचा वर्गाचा फोटोदेखील आहे. त्यांच्या मास्तरांना काय कल्पना, की यातला एक पोरगा पुढे कोल्हेकुईसारखी एक शीळ रचील आणि ती पृथ्वीच्या पाठीवर कोणीही ओळखील! थिएटरमधून परतताना दादाने बारा किलोमीटर ती शीळ घातली. सुरात नव्हती, पण आमच्या वाटेवरची कुत्री तिने बेचैन झाली. पुढे कित्येक वर्षे तो रात्रपाळीहून आला की गल्लीच्या तोंडाशीच ती शीळ वाजे, आणि आई चुलीवर तवा टाकी.

शेवटचा प्रसंग तर आम्ही परड्यात शेकडो वेळा केला असेल. भलेथोरले गोल स्मशान, मधोमध फरसबंदी, आणि तिच्यावर तीन बंदूकवाले एकमेकांना जोखत उभे. कोणी बोलत नाही. डोळे दिसतात, पट्ट्याकडे सरकणारी बोटे दिसतात, पुन्हा डोळे. कितीतरी वेळ हेच चालते. प्रत्येकाला एकच धास्ती: आधी हात कोणी घालायचा? त्यातल्या एकाचे पिस्तूल तर आदल्या रात्रीच दुसऱ्याने रिकामे करून ठेवलेले असते, आणि त्या बापड्याला त्याचा पत्ताच नसतो. सोने असते आर्च स्टँटन नावाच्या माणसाच्या थडग्याशेजारी, बिननावाच्या थडग्यात. दादा क्लिंट ईस्टवुड होई, मी पडणारा. धाकट्या भावाला दुसरी भूमिका नसते.

वडील २०१३ साली गेले. वर्षभरात परड्यातल्या दोन खणांच्या वाटणीवरून आमचे बिनसले. कोण काय बोलले ते इथे लिहीत नाही. दोन खणांत मावणार नाही इतके बोललो, एवढे पुरे. मग बोलणे थांबले ते थांबलेच. एकाच अंगणात दोन दारे झाली. भाऊबीजेला आमची बहीण सासरहून येई. आधी या दारात ओवाळी, मग तेच तबक घेऊन त्या दारात जाई. तिने आपल्या हक्काच्या कागदावर केव्हाच सही करून दिली होती. तिच्याजवळ बंदूकच नव्हती. तरी उन्हात उभी तीही होती. मी रोज मनाशी म्हणे, दादा थोरला आहे, त्याने आधी हाक मारावी. तो बहुधा म्हणत असेल, हा धाकटा आहे. शीळ बंद झाली होती.

२०१७ साली माझा एक जुना विद्यार्थी शिक्षणासाठी स्पेनला होता. वर्गात मी या सिनेमाच्या गोष्टी सांगत असे, त्या त्याच्या लक्षात राहिल्या होत्या. त्याने फोनवरून कळवले, "सर, ते स्मशान सापडलंय."

बुर्गोस प्रांतात एका दरीत ते आहे. स्पॅनिश सैनिकांनी सिनेमासाठी तेथे सुमारे ५,००० खोटी थडगी उभी केली होती. चित्रीकरण संपले, माणसे निघून गेली, क्रूस कुजले, वर माती आणि गवत चढले, गुरे चरू लागली. पन्नास वर्षे होत आली तेव्हा, २०१५ साली, आसपासच्या काही रसिकांनी फावडी-कुदळी उचलल्या. हळूहळू दूरदूरची माणसे सुट्टीच्या दिवशी खणायला येऊ लागली. मातीखाली तो मधला फरसबंदीचा गोल जसाच्या तसा निघाला. खर्च भागवण्यासाठी त्यांनी युक्ती काढली: पंधरा युरो द्यावेत आणि एका थडग्यावर आपल्या पसंतीचे नाव घालून घ्यावे. २०१६ साली सिनेमाला पन्नास वर्षे झाली तेव्हा लोकांनी त्याच स्मशानात बसून तो पाहिला, आणि ईस्टवुडने त्यांच्यासाठी निरोप पाठवला. या खटाटोपावर गिलेर्मो दे ओलिवेइरा या स्पॅनिश दिग्दर्शकाने एक माहितीपटही केला आहे.

मी विचारात पडलो. मेलेल्या माणसाची खरी थडगी जिथे धड राखली जात नाहीत, तिथे कोणीच न पुरलेली थडगी ही माणसे खणून काढत होती! याला वेड म्हणायला माझी हरकत नाही. पण त्या गोलात उभे राहून त्यातला प्रत्येक जण आपले लहानपणचे परडेच शोधत असणार, अशी माझी खात्री आहे. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा. त्याच्या आठवणीने धरलेला माणूस मात्र सुटत नाही. 'शोले'च्या रामगढसाठी कर्नाटकातले रामनगरचे खडक शोधत जाणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे डोळेही असेच असतात.

विद्यार्थ्याने विचारले, "सर, तुमचं नाव घालू का?"

मी म्हणालो, "माझं नको. दादाचं घाल."

तोंडातून गेले खरे. महिन्याभराने फोटो आला. गवत, डोंगर, क्रूस, आणि त्यावर काळ्या अक्षरांत दादाचे पूर्ण नाव, मधे वडिलांचे. शेजारचा क्रूस कोरा होता.

"अहो, जित्या माणसाचं नाव थडग्यावर? आणि तेही भावोजींचं? अबोला आहे तेवढा पुरे नाही का झाला?" सौभाग्यवती म्हणाल्या. खरे सांगतो, तोवर हे माझ्या ध्यानातच आले नव्हते! गावात बोलबाला व्हायचा की मास्तराने भावाचे मरण चिंतले. दोन दिवस मी तो फोटो उघडून नुसता पाहात राहिलो. धनत्रयोदशीच्या रात्री बोट पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले आणि फोटो दादाला पाठवून दिला. खाली एक अक्षर लिहिले नाही. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटल्या. पलीकडच्या दाराशी दिवा जळत होता. उत्तर काही आले नाही. लक्ष्मीपूजन झाले, पाडवा झाला.

भाऊबीजेला बहिणीने मला पाटावर बसवले आणि ती निरांजन लावू लागली. इतक्यात उंबऱ्यात सावली पडली. दादा आपला पाट काखेत घेऊन आला होता. कोणाकडे न पाहता त्याने तो माझ्यापासून हातभर अंतरावर टाकला आणि त्यावर बसला. बहिणीच्या हातातले तबक थरथरू लागले. दादाने खिशातून फोन काढला, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सारला आणि तो फोटो निरखून पाहिला.

"शेजारचं कोणाचं आहे?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "त्याच्यावर नाव नाही."

"मग हरकत नाही," असे म्हणून त्याने आपला पाट माझ्या पाटाजवळ ओढला.